पाटी बदलणारी टीम आणि तिचा पाणक्या

डचवाडीकर

आयपीएलच्या धाग्यावर मी मध्येच सायकल शर्यतींचं घुसवलं म्हणून दोघांनी प्रेमाने हाकललं, "वेगळा धागा काढा हो." काढला. तिथला वाद असा होता की टीम म्हणजे नेमकं काय. मुंबईची टीम मुंबईची, चेन्नईची चेन्नईची. लिलावात माणसं इकडची तिकडे झाली तरी गाव हलत नाही, मैदान हलत नाही. आता अशी टीम डोळ्यांसमोर आणा जिला मैदान नाही, तिकीट खिडकी नाही, इतकंच काय, स्वतःचं नावही नाही. काही वर्षांनी नवा शेठ येतो, पाटी बदलतो, कपड्यांचा रंग बदलतो. अशी एक डच टीम १९८४ पासून चालू आहे. आणि २०२३ साली तिने इटलीची जिरो, फ्रान्सची टूर आणि स्पेनची व्हुएल्टा या तिन्ही तीन-तीन आठवड्यांच्या शर्यती एकाच वर्षात जिंकल्या. त्याआधी हे कुठल्याच टीमला जमलं नव्हतं.

सध्याची पाटी आहे व्हिस्मा–लीज अ बाइक. पहिली नॉर्वेची सॉफ्टवेअर कंपनी, हिशेब-पगार वगैरेची. दुसरी नोकरदारांना सायकली लीजवर देणारी. इकडे नेदरलँड्समध्ये ही पद्धत रुळलेली आहे, दरमहा पगारातून हप्ता कापतात. मीही तशाच सायकलवर ऑफिसला जातो, त्यामुळे टीमला माझाही थोडा हातभार लागत असावा अशी मी समजूत करून घेतली आहे.

सुरुवात भावकीच्या भांडणासारखी. सत्तरच्या दशकात टीआय-रॅले नावाची दबदबा असलेली डच टीम होती. पीटर पोस्ट तिचा कडक हेडमास्तर आणि यान रास तिथला मोठा खेळाडू. दोघांचं फाटलं आणि १९८३ च्या शेवटी चुली वेगळ्या झाल्या. पोस्ट पॅनासॉनिककडे, रासच्या बाजूचे क्वांटमकडे. क्वांटम म्हणजे पडदे आणि वॉलपेपर विकणारी दुकानं. या पडदेवाल्यांचा योप झूटेमेल्क १९८५ मध्ये ३८ व्या वर्षी जगज्जेता झाला. (आडनावाचा शब्दशः अर्थ 'गोड दूध'. डच आडनावांवर वेगळा धागा निघेल.)

पुढे कपड्यांची दुकानं चालवणारं सुपरकॉन्फेक्स आलं. मग १९९० ते ९२ बकलर, म्हणजे हाइनिकेनची बिनअल्कोहोलची बिअर. हिची गंमत अशी, की १९८९ च्या ३१ डिसेंबरला टीव्हीवरच्या एकपात्री कार्यक्रमात एका विनोदवीराने ही बिअर पिणाऱ्यांची अशी काही टर उडवली की लोक हॉटेलात ती मागवायला लाजू लागले. पुढे कंपनीला नेदरलँड्सच्या बाजारातून ती काढून घ्यावी लागली. आणि हेच नाव छातीवर लावून बिचारे डच खेळाडू घाट चढत होते! त्यानंतर वर्डपरफेक्ट. हो, तेच, कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करायचं, निळ्या पडद्याचं. १९९५ साली पाटी झाली नॉव्हेल, कारण नॉव्हेलने वर्डपरफेक्टच विकत घेतलं होतं. शेठलाच दुसऱ्या शेठने गिळलं.

१९९६ मध्ये आली राबोबँक. शेतकऱ्यांच्या सहकारी पतपेढ्यांतून वाढलेली बँक. आपल्या सहकारी पतसंस्था आणि ही बँक यांचा मूळपुरुष एकच, जर्मनीचा रायफायझन. १७ वर्षं ती टिकली. ऑस्कार फ्रेरेने मिलान–सान रेमो ही एका दिवसाची शर्यत तीनदा जिंकली, मेन्चोव्हने दोन व्हुएल्टा आणि २००९ ची जिरो. पण २००७ च्या टूरमध्ये मिकाएल रासमुसेन पिवळ्या जर्सीत, म्हणजे आघाडीवर असताना, ओबिस्कचा घाट जिंकून आला त्याच रात्री, टीमनेच त्याला घरी पाठवलं. उत्तेजक चाचणीसाठी खेळाडूने आपण कुठे आहोत हे कळवायचं असतं. त्याने सांगितलं मेक्सिको, आणि दिसला इटलीत. शर्यत जवळजवळ खिशात असताना आपल्याच माणसाला गाडीत बसवून परत पाठवायचं, अशी रात्र कुठल्या टीमवर येऊ नये. ऑक्टोबर २०१२ मध्ये आर्मस्ट्राँगच्या उत्तेजकांचा अहवाल बाहेर आला आणि नऊ दिवसांत बँकेने जाहीर केलं, या खेळावर आमचा विश्वास उरला नाही, आम्ही निघालो. कबूल केलेले पैसे मात्र दिले. त्या पैशावर २०१३ ची सुरुवात टीमने 'ब्लांको' नावाने केली. ब्लांको म्हणजे कोरं. अक्षरशः कोरी पाटी घेऊन दारोदार. त्याच उन्हाळ्यात बेल्किन सापडलं, दीड वर्षात गेलं. मग २०१५ पासून डच लॉटरी आणि युम्बो सुपरमार्केट (लिहितात जम्बो, पण डच माणूस 'ज'चा 'य' करतो). २०१९ पासून युम्बो-व्हिस्मा. २०२४ पासून आत्ताची.

आता ज्याच्यासाठी धागा काढला त्या माणसाकडे येतो. रॉबर्ट खेसिंक. (स्पेलिंग गेसिंक, पण इकडे 'ग'चा 'ख' होतो, घसा खाकरल्यासारखा.) २००७ मध्ये राबोबँकेत आला आणि २०२४ ला निवृत्त झाला. राबोबँक, ब्लांको, बेल्किन, लॉटोएनएल-युम्बो, युम्बो-व्हिस्मा, व्हिस्मा–लीज अ बाइक. सहा पाट्या आणि माणूस तोच. उंच, किडकिडीत. तरुणपणी देशाने त्याच्यावर टूर जिंकण्याचं ओझं टाकलं होतं. २०१० च्या टूरमध्ये रस्त्यावर सहावा आला, पुढचे दोघं नंतर बाद झाले म्हणून कागदावर चौथा. त्याच वर्षी वडील सायकलवरून पडून गेले. पुढच्या वर्षी सरावात मांडीचं हाड मोडलं. २०१४ मध्ये हृदयाच्या ठोक्यांसाठी शस्त्रक्रिया झाली. आणि मग एका टप्प्यावर त्याने नेतेपण सोडलं आणि पाणक्या झाला. दुसऱ्यांसाठी वारा कापायचा, बाटल्या आणायच्या, घाटाच्या पायथ्याला वेग लावून द्यायचा आणि आपण मागे पडायचं.

१९ ऑगस्ट २०२२. त्या वर्षीची व्हुएल्टा चक्क नेदरलँड्समधल्या उट्रेख्तला सुरू झाली. पहिल्या दिवशी सांघिक टाइम ट्रायल होती, म्हणजे अख्ख्या टीमने एकत्र घड्याळाशी पळायचं. युम्बोची टीम जिंकली आणि शेवटच्या रेषेवर त्यांनी खेसिंकला सगळ्यांत पुढे जाऊ दिलं. नियम असा की जिंकलेल्या टीमचं पहिलं चाक ज्याचं, लाल जर्सी त्याची. वय ३६. मोठ्या शर्यतीत आघाडीची जर्सी अंगावर यायची ही त्याची पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशीचा टप्पा डेन बॉशहून सुटणार होता, आमच्या आइंडहोव्हनहून ट्रेनने वीस-पंचवीस मिनिटं. मुलाला घेऊन गेलो. टीमच्या बसजवळ हीऽ गर्दी. मेकॅनिक चाकांतली हवा पुन्हा एकदा बघतोय, एक बाई बर्फाच्या पेटीतून पिवळ्या बाटल्या काढून सायकलींना लावतायत. दार उघडलं आणि लाल जर्सीतला तो लांबडा माणूस खाली उतरला. माझ्या शेजारचे आजोबा एक शब्द बोलले नाहीत, नुसती टोपी काढली. मुलाला एक बाटली मिळाली. ती अजून घरात आहे.

आणखी एक. त्या टीमने पुढचे दोन दिवस लाल जर्सी आपल्यातच फिरवली, आधी टॉयनिसन, मग आफिनी. चौथ्या टप्प्यात रॉगलिचने ती खरी कमावून घेतली. सत्यनारायणाचा प्रसाद वाटावा तसं.

२०१६ चा बर्फ, २०२० चं हेल्मेट आणि २०२३ ची भाऊबंदकी प्रतिसादांत लिहितो. मुलाला पोहायला सोडायचंय.

---

तिरकस

वाचनीय. पण एका शब्दात सांगायचं तर पैसा. बाकी काव्य. २०१५ मध्ये हीच टीम वर्षभरात सहा शर्यती जिंकली होती. तेव्हा खेसिंक होताच की. नंतर बजेट वाढलं, जिंकायला लागले.

सुलभा_ना

छान लिहिलंय, पण माझ्यासारख्या अडाण्याला एक सांगा. सायकल ही एकट्याने चालवायची गोष्ट. आठ जण गेले तरी जिंकतो एकच. मग बाकीच्या सात जणांचं काम काय? आणि त्यांना वाईट नाही का वाटत?

घाटमाथा

सुलभाताई, मी उत्तर देतो, पायांनी शिकलोय.

तीन वर्षांपूर्वी २०० किमीची ब्रेव्हे, म्हणजे लांब पल्ल्याची सायकल फेरी केली, साडेतेरा तासांत संपवायची असते. परतीला हायवेवर समोरून वारा. एकटा होतो तेव्हा जिवाच्या आकांताने पायडल मारून वेग मिळत होता पंधरा-सोळा. मागून चौघांचा घोळका आला, मी शेवटच्याच्या चाकाला चिकटलो आणि त्याच पायांनी पंचविसावर गेलो. पुढच्याच्या आडोशाला तीस-चाळीस टक्के तरी कष्ट वाचतात. त्यातला एक काका, गुडघ्याला पट्टा बांधलेला, सगळ्यांत जास्त वेळ पुढे होता. टोलनाक्याला पोचल्यावर मी म्हटलं, चहा माझ्याकडून. म्हणाले, "चहा नको, पुढच्या वेळी वारा तू घे."

तर सात जणांचं काम हे. नेत्याने पाच तासांत स्वतः वारा खायचा नाही, शेवटच्या घाटापर्यंत पाय ताजे ठेवायचे. बाटल्या आणायला मागे टीमच्या गाडीपर्यंत जायचं, सात-आठ बाटल्या जर्सीत, पाठीत, मानेखाली कोंबायच्या आणि पुन्हा घोळका गाठायचा. शिवाय नेत्याचं चाक पंक्चर झालं तर स्वतःचं काढून द्यायचं. बक्षिसाची रक्कम टीममध्ये वाटून घेतात, टूर जिंकणाऱ्याचे पाच लाख युरोसुद्धा. वाईट वाटतं का ते डचवाडीकर सांगतील.

डचवाडीकर

घाटमाथा, काका आवडले.

तिरकस, पैसा नाकारत नाही. पण या खेळात पैसा येतो कुठून ते बघा. रस्ता फुकट, प्रेक्षक फुकट, टीव्हीचे हक्क आयोजकाचे. टीमकडे विकायला छातीवरची जागा सोडून काही नाही. शेठ गेला की दुसऱ्या दिवशी दुकान बंद. २०२३ मध्ये टूर जिंकली, व्हुएल्टा जिंकली, आणि त्याच शरद ऋतूत टीमचा मुख्य माणूस रिखार्ड प्लुखे बेल्जियमच्या सूदाल क्विक-स्टेपबरोबर टीम एकत्र करता येते का याच्या वाटाघाटी करत होता. युम्बो निघून चाललं होतं. यूसीआय या जागतिक सायकलिंग संघटनेच्या नियमाने एका टीममध्ये तीसच खेळाडू, म्हणजे दोन्हीकडची निम्मी माणसं रस्त्यावर आली असती. शेवटी ते फिसकटलं आणि लीज अ बाइक आलं. तिन्ही मोठ्या शर्यती जिंकलेली टीम आणि घरभाड्याची चिंता!

आणि २०१५ च्या त्या सहा विजयांनंतर बाजारातला महागडा तारा त्यांनी आणला नाही. परवडलाच नसता. आणला तो स्लोव्हेनियाचा एक माजी स्की-जंपर, ज्याने विशी उलटल्यावर सायकल हातात घेतली. तो रॉगलिच. त्यानंतर डेन्मार्कचा एक लाजरा मुलगा, जो सकाळी माशांच्या कारखान्यात काम करून दुपारी सराव करायचा. तो विंगेगॉर, २०२२ आणि २०२३ च्या टूरचा विजेता.

आकडेमोड

लेख उत्तम. एक दुरुस्ती: 'मेन्चोव्हच्या दोन व्हुएल्टा' चूक. २००५ ची व्हुएल्टा रॉबेर्तो एरासने जिंकली, तो उत्तेजकांत बाद झाला म्हणून मेन्चोव्हला दिली, आणि स्पेनच्या कोर्टात २०१२ मध्ये एरासच्या बाजूने निकाल लागल्यावर ती परत त्याच्याकडे गेली. मेन्चोव्हकडे राहिली ती २००७ चीच. शिवाय खुद्द मेन्चोव्हवरही नंतर बंदी आली. खेसिंक कागदावर चौथा झाला त्यात गाळलेल्या दोघांपैकी एक हाच, त्याच्याच टीमचा.

२०२३ ची आणखी एक नोंद. व्हुएल्टात पहिले तिघेही याच टीमचे: कुस, विंगेगॉर, रॉगलिच. मोठ्या शर्यतीत असं त्याआधी १९६६ मध्ये झालं होतं, कास टीमचं, तेही व्हुएल्टातच.

डचवाडीकर

मान्य, दुरुस्ती शिरसावंद्य. मूळ लेखात आता बदल करता येत नाही, त्यामुळे माझं अज्ञान तसंच राहू दे.

२०१६ चं लिहितो. जिरो, एकोणिसावा टप्पा. स्टेफेन क्रॉइसवाइक गुलाबी जर्सीत, तीन मिनिटं पुढे. खांदे इतके रुंद आणि सरळ की डच लोक त्याला 'कपड्यांचा हँगर' म्हणतात. बेताच्या पैशांत चाललेली टीम जिरो जिंकणार होती. अनियेलचा घाट, २७४४ मीटर. रस्ता मोकळा करताना बाजूला सारलेल्या बर्फाच्या भिंती दोन्हीकडे पुरुषभर उंच. माथा ओलांडला, उताराची सुरुवातीचीच वळणं. क्रॉइसवाइकची नजर क्षणभर हलली आणि तो सरळ भिंतीत. सायकल हवेत उलटी फिरली. तो उठला, हातांनी बर्फ झटकला, सायकल उचलली, चेन बघितली, बसला. पुढे प्रतिस्पर्धी निबालीची पाठ लहान लहान होत गेली. त्या दिवशी जवळपास पाच मिनिटं गमावली. बरगडी मोडलेली निघाली. शेवटी चौथा आला.

मी हे ऑफिसात हेडफोन लावून बघत होतो. शेजारचा डच सहकारी उठून कॉफी मशीनपाशी गेला, कॉफी न घेताच परत आला.

पंक्चरवाला

आमच्या धंद्यातलं कुणी लिहील म्हणून वाट बघत होतो. माझं दुकान आहे सायकल दुरुस्तीचं. हे मोठे टीमवाले मेकॅनिक रोज संध्याकाळी सगळ्या सायकली धुतात, चेन नवीन असल्यासारखी करतात, रोज! आमच्याकडे गिऱ्हाईक वर्षाने येतं आणि म्हणतं, "जरा आवाज येतोय बघा."

२०२३ च्या जिरोत मॉन्ते लुसारीच्या टाइम ट्रायलला रॉगलिचची चेन पडली तो व्हिडिओ मी दुकानात पन्नास वेळा बघितला असेल. खडा चढ, पुढे एकच दातेरी चक्र. खड्ड्यात चाक आपटलं आणि चेन बाहेर. तो उतरला, स्वतः चेन चढवली, मेकॅनिक मोटारसायकलवरून पळत आला. पण खड्या चढावर थांबलेली सायकल सुरू करणं किती अवघड, सिंहगडावर बघा करून. तेवढ्यात हाफ पँटमधल्या एका प्रेक्षकाने मागून ढकललं. नंतर कळलं, तो मित्या मेझ्नार. रॉगलिच स्की-जंपिंग करायचा तेव्हाचा त्याचा टीममधला जोडीदार! २००७ मध्ये दोघांनी ज्युनियरचं सांघिक सुवर्ण घेतलं होतं. अख्ख्या डोंगरावर नेमका त्याच वळणावर तो उभा. जिरो १४ सेकंदांनी जिंकली.

तिरकस

चला, दैव मान्य. आता दुसरा प्रश्न. रासमुसेन, मेन्चोव्ह, बोगर्ड, या राबोबँकेच्या नावांनी आपण पूर्वी टाळ्या वाजवल्या. बोगर्डने २०१३ मध्ये उत्तेजकांची कबुली दिली. आज जे चाललंय त्यावर तुम्ही कशाच्या जोरावर विश्वास ठेवता?

डचवाडीकर

डोळे मिटून ठेवत नाही. चाचण्या, रक्ताचा पासपोर्ट (खेळाडूच्या रक्ताच्या वेळोवेळच्या नोंदी) हे सगळं आहे, आणि २०१२ च्या आधीही त्यातलं बरंचसं होतं. एवढंच म्हणेन, की तेव्हा जी माणसं पकडली गेली ती पाटीमागे लपली होती. बँक गेली, नाव पुसलं, आणि मागे राहिलेल्या खेसिंकसारख्यांना पुढची दहा वर्षं प्रत्येक मुलाखतीत त्याच प्रश्नाला सामोरं जावं लागलं.

सुलभा_ना

भाऊबंदकी राहिली की. आणि बायकांची टीम आहे का हो?

डचवाडीकर

आहे, २०२१ पासून. मारियाने व्होस त्यात आहे. तिचा जन्म डेन बॉशचाच, आणि राबोबँकेच्या महिला टीममधूनही ती खेळलेली. २०२५ ची महिलांची टूर याच टीमच्या पोलिन फेराँ-प्रेव्होने जिंकली. तिने पॅरिस ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकचं सुवर्ण घेतलं होतं, आणि मग वर्षभरात रस्त्यावर उतरून हे.

आता भाऊबंदकी. सेप कुस, अमेरिकेतल्या कोलोराडोचा, कायम हसतमुख. २०२३ मध्ये मे महिन्यात रॉगलिचसाठी जिरो चढला, जुलैत विंगेगॉरसाठी टूर. ऑगस्टमध्ये त्या दोघांसाठी म्हणून व्हुएल्टाला गेला. सहाव्या टप्प्यात पुढे निसटला, जिंकला आणि आठव्या दिवशी लाल जर्सी त्याच्या अंगावर. सगळ्यांना वाटलं, दोन दिवस मिरवेल. तो सोडेना. मग सतरावा टप्पा, अँग्लिरू. त्या घाटाचा चढ काही ठिकाणी वीस टक्क्यांच्या वर जातो. तिथे रॉगलिच आणि विंगेगॉर आपल्याच लाल जर्सीवाल्याला मागे टाकून धुक्यात निघून गेले. मागे कुसला वारा कापून दिला तो मिकेल लांडाने, दुसऱ्याच टीमच्या! लाल जर्सी वाचली आठ सेकंदांनी.

त्या रात्री सोशल मीडियावर जो शिमगा झाला तो विचारू नका. दुसऱ्या दिवसापासून टीम कुससाठी पळाली आणि माद्रिदला तो जिंकला. विंगेगॉर १७ सेकंद मागे.

घाटमाथा

मला अँग्लिरूचं पटलं नाही, आजही नाही. ज्याने वर्षभर तुमचं पाणी भरलं त्याला एक घाट थांबायला काय झालं होतं?

आकडेमोड

थांबायचं का पण? शर्यत आहे. कुस खरंच सगळ्यांत ताकदवान नसेल तर त्याला जिंकवून देणं म्हणजे निरोपसमारंभाची शाल. रॉगलिचने तेव्हाच तसं सांगितलं असेल तर प्रामाणिक होता तो. पुढच्या वर्षी दुसऱ्या टीमकडे गेला यातच काय ते आलं.

घाटमाथा

शाल काय! कुस तिन्ही मोठ्या शर्यती त्या वर्षी पूर्ण पळाला. बाकी दोघांपैकी कुणी पळालं?

पंक्चरवाला

दोघंही चहा घ्या.

सुलभा_ना

मी काल या धाग्यामुळे यूट्यूबवर काय काय बघितलं. २०२० च्या टूरचं ते हेल्मेट. रॉगलिच ५७ सेकंद पुढे होता ना? शेवटच्या टाइम ट्रायलमध्ये हेल्मेट तिरकं, चेहरा पांढरा, आणि शेवटच्या रेषेपाशी त्याचे टीमवाले खुर्चीत बसून तोंड उघडं टाकून बघतायत. ५९ सेकंदांनी गेली टूर. दहावीत पेपर अवघड गेल्यावर माझा धाकटा असाच बसला होता. आणि तोच माणूस हरल्यावर त्याला हरवणाऱ्या पोगाचारला जाऊन मिठी मारतो. तिथे मला तुमचा खेळ कळला.

तिरकस

आता मीही कबुली देतो. २०२५ ची जिरो बघितली, धाग्यावर भांडायला मुद्दे मिळावेत म्हणून. याच टीमचा सायमन येट्स. फिनेस्त्रेचा घाट. २०१८ मध्ये याच डोंगरावर गुलाबी जर्सीत असताना त्याचे पाय गेले होते, अर्ध्या तासाहून जास्त वेळ गमावला. सात वर्षांनी त्याच डोंगरावर १ मिनिट २१ सेकंद मागून आला आणि निसटला. एकूण शर्यतीत पुढे असलेले देल तोरो आणि कारापास एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले, 'तू ओढ, तू ओढ'. आणि डोंगरापलीकडे दरीत त्याच्याच टीमचा व्हान आर्ट उभा. अक्षरशः येट्सची वाट बघत. सकाळपासून पुढच्या गटात जाऊन बसला होता ते यासाठी! त्याने येट्सला मागे घेतलं आणि सपाटीवर असा काही ओढला की बस्स. जिरो जिंकली जवळपास चार मिनिटांनी.

व्हान आर्ट हा स्वतः तारा. आणि पाणक्याचं काम करतोय. पैसा वगैरे मी म्हणतोच आहे, पण तेवढा भाग मी दोनदा बघितला.

डचवाडीकर

तिरकस, धागा काढल्याचं चीज झालं.

घाटमाथा

अवांतर: जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात यूसीआयची टप्प्यांची शर्यत झाली, पुणे ग्रँड टूर. मी घाटात उभा होतो. या मोठ्या टीम नव्हत्या, पण घोळका पहिल्यांदा जवळून गेला तेव्हाचा आवाज विसरणार नाही. चाकांचा नव्हे, श्वासांचा. मुंबई-पुणे शर्यतीत आपण 'घाटाचा राजा' निवडतो, तो किताब ऐकून एका परदेशी मेकॅनिकला फार मजा वाटली. त्याने माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला.

पंक्चरवाला

घाटात मीपण होतो. निळी टोपी. भेटायला हवं होतं.

सुलभा_ना

डचवाडीकर, त्या बाटलीचं काय झालं शेवटी? शोकेसमध्ये ठेवली असेल.

डचवाडीकर

शोकेस कसली. मुलगा रोज शाळेत नेतो. आत कोकम सरबत. डिशवॉशरमध्ये धुऊन धुऊन अक्षरं उडाली, आता नुसतं 'बो' वाचता येतं. मागच्या आठवड्यात त्याच्या वर्गातल्या मुलाने विचारलं, ही कुठल्या टीमची? तर म्हणाला, "खेसिंकची."